डावी बाजू कुणी ठरवली?

सानगडीहून साकोलीला आलं की राष्ट्रीय महामार्ग ५३ लागतो. तिथे डावीकडून गाडी चालवताना आपण विचारही करत नाही. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांना मात्र हीच सवय धोक्याची ठरते.

रस्त्याची बाजू बऱ्याचदा शेजारी ठरवतात. १९२८ मध्ये पोर्तुगालने वाहतूक उजवीकडे नेली. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होता, तरी तिथली वाहनं डावीकडूनच धावत राहिली. कारण सावंतवाडी, बेळगाव, कारवार अशा सगळ्या शेजारी मुलखात डावीकडूनच वाहतूक होती. राज्य लिस्बनचं, पण समोरून येणारी गाडी शेजारची! १९६१ मध्ये गोवा भारतात आला, तेव्हा बाजू बदलावीच लागली नाही.

स्वीडनमध्ये उलट घडलं. शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून गाड्या चालवत, स्वीडन डावीकडून. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे ५ वाजता सगळा देश उजवीकडे गेला. त्यानंतर काही काळ अपघात कमी झाले, कारण जो तो जपून चालवत होता. सवय जडली तसे ते पुन्हा वाढले.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो, सवय आपली आपणच बदलावी लागते. रस्ता ओलांडताना इथे आपण आधी उजवीकडे बघतो, अमेरिकेत आधी डावीकडे बघा. आणि रिकाम्या रस्त्यावर वळताना जास्त सांभाळा. समोर गाडी नसली की हात जुन्याच बाजूला वळतात.