मुष्टियुद्धाचा दुसरा निवाडा

अमेरिकेंतील शिकागो शहरीं मिशिगन सरोवराच्या कांठीं सोल्जर फील्ड नांवाचें विस्तीर्ण क्रीडांगण आहे. २२ सप्टेंबर १९२७ च्या रात्रीं तेथें एक लाखाहून अधिक माणसें जमलीं होतीं, आणि त्यांनीं तिकिटांपायीं साडेसव्वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम मोजली होती. एवढी माणसें व एवढा पैसा ज्यासाठीं एकत्र आला तें म्हणजे दोरांनीं वेढलेल्या एका लहानशा चौकांत दोन पुरुषांचें दहा फेऱ्यांचें मुष्टियुद्ध. एक जीन टनी, त्या वेळचा जगज्जेता. दुसरा जॅक डेम्प्सी; एक वर्षापूर्वीं फिलाडेल्फिया येथें याच टनीनें गुणांवर पराभूत केलेला माजी जगज्जेता.

लोकप्रीति डेम्प्सीकडे होती. तरुणपणीं तो खाणींत राबलेला, आगगाड्यांतून चोरून प्रवास करीत गांवोगांव हिंडलेला. टनी फावल्या वेळीं शेक्सपिअर वाचीत असे. पुढें १९२८ सालीं येल विद्यापीठांत त्यानें या नाटककारावर व्याख्यानही दिलें. ठोसेबाजानें ग्रंथ वाचावे, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकांस कांहींशी अपमानास्पदच वाटे.

पहिल्या सहा फेऱ्यांत टनीचेंच पारडें बहुतांशीं जड होतें. सातव्या फेरींत मात्र डेम्प्सीनें त्यास दोरांशीं गांठलें आणि त्याच्या जबड्यावर एकामागून एक ठोसे असे बसविले, कीं टनी खालीं बसला, व डाव्या हातानें दोर चांचपूं लागला. सारें क्रीडांगण उठून उभें राहिलें.

येथें एक नियम सांगणें अवश्य आहे. पडलेल्या योद्ध्यास उठण्यासाठीं दहा सेकंद मिळतात. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासूनची ही वहिवाट. परंतु इलिनॉय संस्थानांत आणखी एक अट होती. ज्यानें पाडलें त्यानें प्रथम दूरच्या मोकळ्या कोपऱ्यांत, म्हणजे दोघांपैकीं कोणाच्याही हक्काचा नसलेल्या कोपऱ्यांत, जाऊन उभें राहावें. तोंवर पंचानें मोजणी सुरू करूं नये. लढतीपूर्वीं ही अट दोघांसही समजावून दिलेली होती. या अटीची गरज कां भासली हें डेम्प्सीच्याच पूर्वचरित्रांत दिसतें. १९१९ सालीं जेस विलर्डशीं आणि १९२३ सालीं लुई फिर्पोशीं लढतांना तो पडलेल्या माणसाच्या उशाशींच उभा राही, आणि तो उठतो न उठतो तोंच त्यास पुन्हा लोळवी. शिकागोसही जुन्या संवयीनें तो तेथेंच उभा राहिला. पंच डेव्ह बॅरी यानें त्यास कोपरा दाखविला, हातानें ढकलल्यासारखें केलें; तेव्हां कोठें तो निघाला. चौकाबाहेर बसलेल्या वेळ मोजणाऱ्याचे आंकडे एव्हांना पुढें गेले होते. ते बाजूस सारून बॅरीनें पुनश्च ‘एक’पासून आरंभ केला. ‘नऊ’ म्हणतांच टनी उठला, आणि उरलेली फेरी त्यानें मागें मागें सरकत, चौकास प्रदक्षिणा घालीत काढली. डेम्प्सीचे पाय आतां पूर्वीचे राहिले नव्हते. मध्येंच थांबून त्यानें ‘ये, लढ’ अशी हातानें खूण केली. पण टनी शहाणा होता. आठव्या फेरींत त्यानें डेम्प्सीलाच क्षणभर खालीं आणलें. दहावी फेरी संपतांच विजय टनीस देण्यांत आला.

ज्यांच्यापाशीं नभोवाणीचा संच होता त्यांनीं हें सारें कानांनीं ऐकलें. ग्रॅहॅम मॅकनामी हा त्या काळचा नामांकित निवेदक वर्णन करीत होता, आणि सातवी फेरी ऐकतांना कित्येक श्रोत्यांचें हृदय बंद पडून ते मृत्यु पावले असें दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांनीं छापलें. ज्यांचीं हृदयें शाबूत राहिलीं त्यांच्यांत वाद पेटला. टनी प्रत्यक्षांत किती वेळ खालीं होता?

या प्रश्नाचें उत्तर देणारा एक साक्षीदार तेथें हजर होता. तो म्हणजे चलच्चित्र टिपणारें यंत्र. मुष्टियुद्ध आणि चलच्चित्र यांचें सख्य जुनें आहे. १७ मार्च १८९७ रोजीं नेव्हाडांतील कार्सन सिटी येथें फिट्झसिमन्सनें कॉर्बेटला चौदाव्या फेरींत पाडलें, ती लढत संपूर्णपणें फितीवर घेतली गेली. तो चित्रपट दीड तासाहून अधिक लांबीचा होता. एवढा लांब चित्रपट तोंपर्यंत जगानें पाहिला नव्हता. फिट्झसिमन्सनें नियमबाह्य ठोसा मारल्याची ओरड झाली होती, आणि तो आरोप स्वतःच्या डोळ्यांनीं पडताळून पाहावा म्हणून लोक तिकिटें काढून आंत शिरले. पंचाच्या निवाड्यावर घरबसल्यांनीं दुसरा निवाडा देण्याचा हा छंद तेव्हांपासूनचा म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें या छंदास कायद्याची आडकाठी आली. १९१० सालीं जॅक जॉन्सन या काळ्या जगज्जेत्यानें जेफ्रीज या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याचा रीनो येथें पराभव केला. ठिकठिकाणीं दंगे उसळले आणि तो चित्रपट दाखविण्यास अनेक शहरांनीं बंदी केली. १९१२ सालीं तर अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें मुष्टियुद्धाच्या फिती एका संस्थानांतून दुसऱ्यांत नेण्यासच मनाई करणारा कायदा केला. गोरा माणूस काळ्याच्या हातून मार खातांना पुन्हापुन्हा दिसूं नये, हें त्यामागील कारण उघड होतें. तो कायदा १९४० पर्यंत टिकला. टनी-डेम्प्सी लढतीची फीत मात्र त्याला न जुमानतां शिकागोबाहेर गेलीच.

घड्याळ हातीं घेऊन ही फीत पाहणाऱ्यांची संख्या गेल्या शतकांत किती झाली असेल कोण जाणे! बहुतेकांचें उत्तर चौदा सेकंदांच्या आसपास येतें. कोणी तेरा म्हणतो, कोणी आणखी दोनतीन अधिक धरतो. म्हणजे डेम्प्सीच्या चाहत्यांची तक्रार खोटी नव्हती. टनी दहा सेकंदांहून अधिक वेळ खालीं होता, हें निर्विवाद. परंतु तीच फीत आणखीही दाखविते. डेम्प्सी तत्काळ कोपऱ्यांत गेला असता तर ते सेकंद वांया गेलेच नसते, हें ती दाखविते. आणि आठव्या फेरींत डेम्प्सी पडला तेव्हां टनी अद्याप कोपऱ्यांत गेलेला नसतांही बॅरीनें मोजणी चालूं केली, हेंही ती दाखविते. नियम तोच, पंच तोच, अंतर अवघ्या एका फेरीचें. डेम्प्सीच्या पक्षाचा खरा मुद्दा हा होता. पण चौदा सेकंदांच्या गलबल्यांत तो फारसा कोणी मांडला नाहीं. आपण त्याआधींही उठूं शकलों असतों, पण मिळेल तेवढी विश्रांति घेतली, असें टनी आयुष्यभर सांगत राहिला. हें मात्र कोणत्याही फितीवर उमटत नाहीं.

जे खरे दर्दी आहेत ते केवळ सातवी फेरी पाहून थांबत नाहींत. ते कागद-पेन्सिल घेऊन पहिल्या फेरीपासून बसतात. आपल्याकडील निकाली कुस्तींत पाठ मातीला लागली कीं निवाडा झाला. तेथें हिशेब नाहीं. मुष्टियुद्धांत कोणीच कायमचा पडला नाहीं तर परीक्षकांनीं प्रत्येक फेरीचा वेगळा कौल द्यावयाचा असतो. हल्लींच्या पद्धतींत फेरी जिंकणाऱ्यास १० गुण, हरणाऱ्यास ९, आणि एकदां खालीं पडल्यास बहुधा ८. घरचा परीक्षकही फेरी संपतांच फीत थांबवितो, आंकडा लिहितो, आणि मगच पुढें जातो. एकदां लिहिलेला आंकडा खोडावयाचा नाहीं, कारण खऱ्या परीक्षकासही ती मुभा नसते. अशा रीतीनें शिकागोच्या दहा फेऱ्या मांडल्या म्हणजे सातवी डेम्प्सीला देऊनही बेरीज टनीच्याच बाजूनें जाते. ज्या लढतीचा विजय चोरला गेला म्हणून तीन पिढ्या भांडल्या, त्या लढतींत पंचाची चूक धरली तरी गुणांचा निकाल बदलत नाहीं.

सर्वच लढती इतक्या सरळ नसतात. जुन्या फिती हुडकून जतन करणाऱ्या जिम जेकब्स याच्यासारख्या संग्राहकांमुळें, आणि पुढें दूरचित्रवाणी व घरगुती फितींमुळें, हा उद्योग सामान्य माणसाच्या आवांक्यांत आला, आणि त्याबरोबर वादही वाढले. त्यांतला सर्वांत चिवट वाद ६ एप्रिल १९८७ रोजीं लास व्हेगास येथें झालेल्या मार्विन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांच्या लढतीचा. लेनर्ड जवळजवळ तीन वर्षांनीं मैदानांत उतरला होता. लढत पंधराऐवजीं बारा फेऱ्यांची असावी हें त्याच्याच बाजूनें मागून घेतलें होतें. हॅगलर मूळचा डावखुऱ्या पवित्र्याचा, पण आरंभींच्या फेऱ्या तो उजव्या पवित्र्यानें लढला व त्या बहुधा गमावून बसला. लेनर्डची युक्ति अशी, कीं फेरीचीं शेवटचीं अर्धा मिनिट उरलीं कीं हातांचा पाऊस पाडावा. ठोसे लागोत न लागोत, परीक्षकाच्या डोळ्यांत तेच राहतात. एका परीक्षकानें ११५-११३ असा हॅगलरला कौल दिला, दुसऱ्यानें तेच आंकडे लेनर्डला दिले, आणि तिसऱ्यानें लेनर्डला ११८-११०, म्हणजे बारांपैकीं दहा फेऱ्या, बहाल केल्या. हा तिसरा आंकडा ऐकून लेनर्डचे चाहतेही चमकले.

ही लढत पुनःपुन्हा पाहणारे कित्येकजण आवाज बंद करून पाहतात. निवेदकाचा उत्साह आणि लेनर्डच्या प्रत्येक हालचालीला उठणारा प्रेक्षकांचा जयघोष कानांवर पडला नाहीं तर दोनतीन फेऱ्या सहज दुसऱ्याच्या खात्यांत जातात, असा त्यांचा अनुभव. तरीही सर्वांची बेरीज एक होत नाहीं. ज्याला नेमके व जड ठोसे मोलाचे वाटतात तो हॅगलरकडे झुकतो. ज्याला चापल्य आणि हुलकावणी मोलाची वाटते तो लेनर्डकडे. हॅगलर त्यानंतर पुन्हा कधीं लढला नाहीं. तो इटलींत जाऊन राहिला, आणि ती लढत आपणच जिंकली या मतावर २०२१ सालीं मृत्यु येईपर्यंत ठाम राहिला.

प्रत्यक्ष परीक्षकानेंच फीत पाहून मत बदलल्याचें उदाहरणही आहे. १३ मार्च १९९९ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें लेनॉक्स लुईस आणि इव्हॅंडर होलीफील्ड यांची जगज्जेतेपदासाठीं गांठ पडली. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबानें लुईसचे ३४८ बसले, होलीफील्डचे १३०. तरीही एक कौल लुईसला, एक होलीफील्डला, एक समसमान, असे होऊन लढत बरोबरींत सुटली. पांचव्या फेरींत लुईसनें होलीफील्डला दोरांशीं दाबून धरून बडविलें होतें. ती फेरी एका परीक्षक बाईंनीं होलीफील्डला दिली होती. पुढें चौकशी झाली. आपल्या जागेवरून छायाचित्रकारांमुळें नीट दिसत नव्हतें, असें बाईंनीं सांगितलें. आणि फीत पाहिल्यावर, आतां ही फेरी आपण लुईसला देऊं, असें त्यांनीं कबूल केलें. नोव्हेंबरांत दोघे पुन्हा लढले व लुईस एकमतानें विजयी ठरला. मार्चची ती लढत मात्र नोंदवहींत आजही बरोबरीचीच आहे.