मल्लांचे श्रम व आहार : ‘बलार्ध’ नियमाचा विचार

(१)

गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या भेटीस आला. वय सुमारें तीस. शहरांतील एका व्यायामशाळेंत वीस-पंचवीस जणांच्या तुकडीबरोबर तो रोज पहांटे तासभर अतितीव्र श्रम करीत असे, आणि त्याच सुमारास त्यानें आपला आहारही निम्म्यावर आणिला होता. सातव्या कीं आठव्या आठवड्यांत श्रम चालू असतांनाच भोंवळ येऊन तो पडला. दुखापत सुदैवानें बेताची झाली. परंतु आमच्याकडे येण्याचें त्याचें कारण निराळें होतें. ही पद्धति प्राचीन मल्लांचीच होय, अशा अर्थाचा मजकूर त्या शाळेच्या भिंतीवर लाविलेला असून त्याखालीं ‘मानसोल्लास’ व ‘मल्लपुराण’ हीं नांवें दिलेलीं होतीं. “गुरुजी, हें खरें आहे का?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

तत्काळ उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. ग्रंथाच्या नुसत्या नामनिर्देशावरून निर्णय करूं नये, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. म्हणून मूळ ग्रंथ पाहून जें आढळलें तें येथें क्रमानें मांडितों.

(२)

प्रथम मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला हा ग्रंथ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या नांवानेंही प्रसिद्ध असून त्याचा काळ शके १०५१ (इ. स. ११२९) हा ठरलेला आहे. पांच विंशति व शंभर अध्याय अशी त्याची रचना आहे. राजाच्या करमणुकींचें वर्णन करणाऱ्या चौथ्या विंशतींत ‘मल्लविनोद’ हें प्रकरण येतें. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्री. श्रीगोंदेकर यांनीं या ग्रंथाचें संपादन केलें. पहिला भाग १९२५ सालीं निघाला.

या प्रकरणांत मल्लांचे वय, शरीर व बळ यांवरून वर्ग पाडलेले आहेत. श्रमांचीं नांवेंही आलेलीं आहेत. भार उचलण्याचा तो भारश्रम, चालण्याचा तो भ्रमणश्रम, पाण्यांतील तो सलिलश्रम, बाहूंचा तो बाहुपेल्लणक व खांबावरचा तो स्तंभश्रम. मल्लांच्या अन्नाची तरतूद राजानें करावयाची आहे. डाळी, मांस, दूध व साखरेचे गोड पदार्थ असा हा आहार आहे. मल्लांनीं अंतःपुरांतील स्त्रियांपासून दूर राहून शरीरसंपादनांतच लक्ष घालावें, असाही दंडक आहे.

येथें नियमाचा कडकपणा आहे, हें उघड आहे. परंतु तो वागणुकीचा व अन्नाच्या निवडीचा आहे. अन्न तोडण्याचा नव्हे. मल्लाचें पोट भरणें हें या ग्रंथानें राजाच्या कर्तव्यांत घातलें आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

(३)

मल्लपुराण हा ग्रंथ त्याच मालेंत १४४ वा म्हणून १९६४ सालीं डॉ. भो. ज. सांडेसरा व डॉ. र. ना. मेहता यांनीं प्रसिद्ध केला. गुजराथेंतील ज्येष्ठीमल्ल, ज्यांस लोक ‘जेठी’ म्हणतात, त्या ब्राह्मण मल्लांचा हा ज्ञातिग्रंथ होय. द्वारकेस जातांना श्रीकृष्णानें सोमेश्वर नांवाच्या ब्राह्मणास ही विद्या दिली, अशी त्यांतील कथा आहे. निंबजा ही या ज्ञातीची देवता.

कथाभाग बाजूस ठेविला तरी श्रमांचें प्रकरण अतिशय मोलाचें आहे. रंगश्रम म्हणजे प्रत्यक्ष हौद्यांतील लढत. त्याखेरीज स्तंभश्रम, जलश्रम, पायऱ्या चढण्याचा सोपानारोहण, तसेंच गोणितक म्हणजे दगडी कड्याचा श्रम, हे प्रकार येतात. आपल्याकडील तालमींतून जी दगडी नाल पडलेली दिसते ती या गोणितकाचीच वंशज असावी, असें आम्हांस वाटतें. सर्वांत लक्षणीय म्हणजे ‘ऊहापोह’ याचीही गणना श्रमांतच केली आहे. डाव कसा बांधावा व कसा सोडावा याची चर्चा हाही एक व्यायामच होय, अशी त्या वस्तादांची समजूत होती. आहाराविषयीं सांगतांना कोणत्या ऋतूंत मल्लानें काय खावें याची निराळी व्यवस्था लाविली आहे. म्हणजे बारमाही एकच पथ्य या ग्रंथास मान्य नाहीं.

(४)

आतां वैद्यकाकडे वळूं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील २४ व्या अध्यायांत व्यायामाची पुष्कळ प्रशंसा आहे. शरीराची वाढ, कांति, अग्नीची दीप्ति, श्रम व तहान-भूक सोसण्याची शक्ति हे त्याचे गुण सांगितले आहेत. नित्य व्यायाम करणाऱ्यास विरुद्ध अन्नही पचतें, इतकें म्हणण्यापर्यंत ग्रंथकाराची मजल गेली आहे. पण त्याच ठिकाणीं मर्यादाही घातली आहे. सर्व ऋतूंत, रोज, परंतु आपल्या बळाच्या अर्ध्यानेंच व्यायाम करावा. एरवीं तो घातक होतो. हेंच बलार्ध. त्याची खूणही दिली आहे. हृदयस्थानींचा वायु मुखाशीं आला, म्हणजे तोंडानें श्वास घ्यावा लागूं लागला, कीं अर्धें बळ खर्ची पडलें असें समजावें. अतिव्यायामानें क्षय, तृष्णा, अरुचि, रक्तपित्त, भ्रम, कास, ज्वर व श्वास हे विकार होतात. येथील ‘भ्रम’ म्हणजेच भोंवळ, हें आमच्या विद्यार्थ्यानें वाचिलें असतें तर बरें झालें असतें. वाग्भटानेंही अर्ध्या शक्तीचाच नियम सांगितला असून अति करणाऱ्यास हत्ती ओढूं पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे.

आणखी एक अट दोघांनींही घातली आहे, आणि आमच्या मतें ती अधिक महत्त्वाची आहे. व्यायाम हितकर कोणास? तर जो बलवान् व स्निग्धभोजी, म्हणजे तूप-दूध-तेल पोटांत जाणारा, त्यास. चरकाच्या सूत्रस्थानांतील ७ व्या अध्यायांत तर भुकेल्यानें व तहानलेल्यानें व्यायाम वर्ज्य करावा, असें स्पष्ट सांगितलें आहे. हे श्लोक कांहीं मुद्रित आवृत्तींत कंसांत दिलेले असतात, म्हणून त्यांवर सर्व भिस्त ठेवणें योग्य नाहीं. परंतु स्निग्धभोजी हें पद सुश्रुत व वाग्भट या दोघांत असल्यामुळें मूळ सिद्धांतास बाध येत नाहीं.

(५)

येथें कोणी अशी शंका घेईल, कीं वैद्य अर्धें बळ सांगतात आणि मल्ल तर दम उखडेपर्यंत मेहनत करितात; तेव्हां दोहोंपैकीं एक शास्त्र खोटें मानावें काय? आमच्या मतें हा विरोध केवळ भासमान आहे. बलार्ध हें ठराविक माप नव्हे. शंभर जोर काढूं शकणाऱ्याचें अर्धें पन्नास, हजार काढणाऱ्याचें पांचशें. बळ वाढलें कीं त्याचें अर्धेंही वाढतें. सुश्रुतानें वय, बळ, शरीर, देश, काळ व अन्न हीं सहाही पाहून व्यायाम करावा, असें म्हटलें आहे तें याच अर्थानें. मल्लग्रंथांतील वयाचे व बळाचे वर्ग, तसेंच ऋतुवार आहार, हीं त्याच तत्त्वाचीं अंगें होत.

लहानपणीं आम्ही कांहीं वर्षें गांवच्या तालमींत जात असूं. लाल मातींत तेल, ताक, हळद व लिंबू कालविलेलें असे. नव्या पोरास वस्ताद पहिले कित्येक दिवस मोजके जोर व थोड्या बैठकाच करूं देत, आणि श्वास तोंडानें सुटूं लागला कीं “बस्स, खालीं बैस” म्हणून हांक मारीत. त्या वस्तादांस अक्षरओळख बेताचीच होती. सुश्रुताचें नांवही त्यांच्या कानीं आलें नसावें. तथापि सुश्रुतोक्त लक्षण त्यांच्या नजरेंत पक्कें बसलेलें होतें. परंपरा ग्रंथावांचूनही चालते याचा हा आम्ही पाहिलेला दाखला.

(६)

मराठेशाहीच्या उत्तरकाळाविषयीं दोन गोष्टी नमूद करितों. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींत होता. त्याचीं पत्रें १८१३ सालीं लंडनास छापलीं गेलीं. त्यांत दंड, मुद्गल व लेझीम या व्यायामांचा उल्लेख आहे. दुसरी गोष्ट बाळंभट्टदादा देवधरांची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं त्यांनीं मल्लखांब निर्माण केला अशी परंपरा आहे. त्यांचें श्रेय कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण स्तंभश्रम हें नांव त्यांच्यापूर्वीं सुमारें पावणेसातशें वर्षें मानसोल्लासांत आलेलें असल्यामुळें ‘निर्माण’ याऐवजीं ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द अधिक योग्य होईल.

राहिली तुकडीनें, एका हुकुमावर श्रम करण्याची गोष्ट. वरील दोन्ही मल्लग्रंथांत ती आम्हांस आढळली नाहीं. तेथें मल्ल एकटा किंवा जोडीनें श्रम करितो. हुकुमाची कवाईत पाश्चात्य लष्करांतून आली. तिला देशी व्यायामांची व देशी भाषेंतील आज्ञांची जोड देण्याचें श्रेय बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांतील प्रो. माणिकराव यांस आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनींही आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. हें सर्व विसाव्या शतकांतील कार्य आहे. तें स्तुत्य आहे, पण प्राचीन नव्हे.

(७)

तात्पर्य, त्या भिंतीवरील मजकुरांत सत्याचा अंश इतकाच, कीं मल्ल कठोर श्रम करीत व आहाराचे नियम पाळीत. तुकडीची कवाईत अर्वाचीन आहे. आणि श्रम वाढवून अन्न तोडणें हें तर मल्लशास्त्र व वैद्यक या दोहोंच्याही विरुद्ध आहे. आम्हीं विद्यार्थ्यास हेंच सांगितलें. व्यायाम सोडूं नये, श्वासाकडे लक्ष ठेवावें, आणि पोट भरून जेवावें. त्यानें तसें केलें व तो आतां बरा आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आमच्या लहानपणच्या तालमींत खुराकाच्या हिशेबाची एक जुनी वही होती. कोणास किती दूध, किती बदाम, किती तूप, हें त्यांत महिनावार लिहिलेलें असे. पुढें इमारत पाडली तेव्हां ती वही रद्दींत गेली. आम्हीं चौकशी करीपर्यंत फार उशीर झाला होता. द. चिं. मुजुमदार यांच्या व्यायामज्ञानकोशानें (१९३६ ते १९४९, १० खंड) व्यायामप्रकारांचें जतन केलें. परंतु सामान्य तालमींत प्रत्यक्षांत कोण काय खात होता हें अशा वह्यांवांचून कळणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं किंवा गांवीं असे कागद असतील त्यांनीं ते, मोडींत असोत वा बाळबोधींत, रद्दीवाल्याच्या हातीं पडण्यापूर्वीं मंडळाकडे पाठवावे. निदान त्यांची नक्कल तरी करून ठेवावी.