काचघराकडे वळणारी वाट

डार्विनचे नाव काढले की मुलांच्या डोळ्यांपुढे गॅलापागोस बेटे येतात. पाठ्यपुस्तकांतली चित्रेच तशी असतात: जहाज, राक्षसी कासवे, निरनिराळ्या चोचींचे पक्षी. त्या बेटांवर डार्विन १८३५ साली गेला, पण राहिला जेमतेम पाच आठवडे. १८३६ साली तो इंग्लंडला परतला आणि त्यानंतर पुन्हा कधी परदेशी गेला नाही. १८४२ च्या सप्टेंबरमध्ये त्याने लंडनपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या डाउन या खेड्यात बिऱ्हाड हलवले. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तो तिथेच राहिला. त्याची बहुतेक मोठी पुस्तके त्या घरात लिहून झाली, आणि त्यांतला बराच विचार घरामागच्या एका पायवाटेवर झाला.

ही वाट मुद्दाम तयार केलेली होती. १८४६ साली डार्विनने शेजारच्या लबक कुटुंबाकडून दीड एकराची एक लांबट पट्टी भाड्याने घेतली. तिच्यात हेझल, बर्च, हॉर्नबीम, लाइम अशी झाडे लावली, उघड्या बाजूला होलीचे कुंपण घातले आणि कडेने वाळू-खडीची वाट फिरवून आणली. घरात तिला 'सँडवॉक' म्हणत. एका बाजूला जुन्या ओक वृक्षांची दाट सावली, तर दुसऱ्या बाजूला बुटक्या कुंपणावरून दिसणारे कुरण आणि पलीकडची शांत दरी. चढ नाही, अवघड काही नाही. आजारी माणसालाही जमेल अशी ती वाट होती, आणि डार्विन बहुतेक काळ आजारीच असे.

दुपारच्या सुमारास तो बाहेर पडे. आधी काचघरात डोकावून कुंड्यांतल्या रोपांवर नजर टाकायची आणि मग वाटेला लागायचे. हातातल्या काठीला खाली लोखंड बसवलेले होते, त्यामुळे तो चालू लागला की ठराविक लयीत टक् टक् असा आवाज येई. किती फेऱ्या झाल्या हे मोजायला वाटेच्या कडेला गारगोट्यांचा ढीग केलेला असे. एक फेरी झाली की पायाने एक गारगोटी वाटेवर ढकलायची. विचारात बुडालेल्या माणसासाठी यापेक्षा सोपे गणनयंत्र कोणते असणार?

फिरणे म्हणजे नुसते पाय मोकळे करणे नव्हते. वाटेला लागूनच एक कुरण होते. १८५५ साली मुलांना शिकवणाऱ्या थोर्लीबाई आणि डार्विन यांनी मिळून त्या एका कुरणातल्या वनस्पतींची यादी केली, ती १४२ जातींची झाली. गवताचा प्रत्येक नवा प्रकार ओळखता आला की डार्विनला लहान मुलासारखा आनंद होई. नर भुंगे दरवर्षी ठराविक झाडाझुडपांपाशी येऊन घोंगावतात आणि ठराविक वाटेनेच पुढे जातात, हे त्याला तपासायचे होते. त्यासाठी त्याने आपल्या पाच-सहा मुलांना एकेका जागी उभे केले. भुंगा आला की ज्याने त्याने ओरडायचे, आणि त्या ओरडण्यावरून भुंग्याचा मार्ग कळायचा. शाळेच्या आवारात आजही हा प्रयोग करता येईल, फक्त शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावे लागेल.

पण मला सांगायचे आहे ते त्या वाटेवर डार्विनच्या पुढेमागे धावणाऱ्या कुत्र्यांविषयी.

डार्विन लहानपणापासून कुत्र्यांच्या नादी लागलेला. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यांखेरीज तुला काही सुचत नाही, असे वडिलांनी त्याला एकदा सुनावले होते. हे बोलणे त्याला इतके लागले, की म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना त्याने ते नमूद केले. पण त्याची नजर तेव्हापासूनच वेगळी होती. समुद्रप्रवासाला निघताना घरी एक कुत्रा होता, परक्या माणसाला जवळ न येऊ देणारा. परत आल्यावर डार्विनने मुद्दाम त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. तो कुत्रा राहत असे त्या तबेल्याजवळ जाऊन त्याने पूर्वीसारखी हाक मारली. कुत्र्याने विशेष आनंद दाखवला नाही. अर्ध्या तासापूर्वीच भेट झाली असावी अशा थाटात तो बाहेर आला आणि मागे चालू लागला. मधे किती काळ गेला होता? डार्विन लिहितो, पाच वर्षे आणि दोन दिवस. दुसऱ्या कोणी 'पाचेक वर्षे' म्हणून सोडून दिले असते.

डाउनच्या घरी बॉब नावाचा एक थोराड, काळापांढरा, रिट्रीव्हर जातीचा संकर असलेला कुत्रा होता. फिरायला निघाले की तो मान उंच करून, शेपूट वर धरून, पावले उचलत ऐटीत पुढे चाले. घरापासून थोड्या अंतरावर उजवीकडे एक फाटा फुटे, तो काचघराकडे जाई. डार्विनला तिथे क्षणभर रोपे पाहायची असत. बॉबला मात्र पुढे फिरणे होणार की नाही हेच कळत नसे. मालकाचे शरीर फाट्याकडे किंचित कलले रे कलले, की बॉबचे सारे रूप पालटे. डोके खाली जाई, अंग थोडे खचे आणि तो जागच्या जागी थिजे, कान आणि शेपूट एकदम पडत, ओठांची कातडी लोंबे, डोळ्यांतली चमक गेल्यासारखी वाटे. घरातल्या सर्वांना हे ध्यान पाठ होते. त्याला त्यांनी नावच दिले होते, 'काचघरी चेहरा'.

इथपर्यंत ही कुत्रा पाळणाऱ्या कोणत्याही घरातली गोष्ट झाली. पण डार्विन कंसात एक छोटेसे वाक्य घालतो: हे मी कधी कधी प्रयोग म्हणून करून पाहत असे. म्हणजे काचघरात काम नसतानाही तो मुद्दाम त्या बाजूला कलून पाही. कारण एकच, बदल इतकासा. परिणाम मात्र दर वेळी तोच. फिरण्याच्या वाटेचा असा उपयोग करण्यासाठी ना उपकरण लागले, ना अनुदान. बॉबची संमती तेवढी कोणी विचारली नाही.

या चेहऱ्याला एवढे महत्त्व का? त्या काळी चार्ल्स बेल या नामवंत शरीरशास्त्रज्ञाचे मत प्रमाण मानले जाई. माणसाच्या चेहऱ्यावरचे काही स्नायू केवळ भावना व्यक्त करण्यासाठी निर्मात्याने खास दिले आहेत, असे बेलचे म्हणणे होते. हे खरे असेल तर माणूस आणि इतर प्राणी यांच्यात न ओलांडता येणारी दरी आहे. माणूस प्राण्यांतूनच उत्क्रांत झाला असेल, तर मात्र त्याच्या हसण्यारडण्याची मुळे प्राण्यांत सापडायला हवीत. १८७२ साली डार्विनने माणूस व प्राणी यांच्या भावदर्शनावर पुस्तक लिहिले ते या वादासाठी. बॉबचा चेहरा त्यात साक्षीदार म्हणून आला आहे.

त्या पुस्तकातले एक तत्त्व विरोधाचे आहे. चिडलेला कुत्रा पाहा: अंग ताठ, शेपूट उभी, मानेवरचे केस पिंजारलेले, कान पुढे, नजर रोखलेली. यातला बराचसा भाग हल्ल्याच्या तयारीचा आहे, त्याचा उपयोग उघड दिसतो. आता तोच कुत्रा आपण ज्याच्यावर भुंकतो तो मालकच आहे हे ओळखतो. क्षणात अंग सैल पडते, वाकडेतिकडे होते, शेपूट खाली येऊन हलू लागते, केस बसतात, कान मागे जातात. या हालचालींचा थेट उपयोग काय? डार्विनचे उत्तर असे, की मनःस्थिती उलटी झाली म्हणून शरीराची ठेवणही उलटी झाली. मांजरीत हे सारे बरोबर उफराटे असते. चिडलेली मांजर दबते, लाडात आलेली मांजर पाठ उंचावून शेपूट सरळ उभी करते. म्हणजे शेपूट वर असण्याला स्वतःचा असा अर्थ नाही, तो कशाच्या विरुद्ध आहे यावर ठरतो. हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. त्यामागे डार्विनने दिलेले स्पष्टीकरण मात्र आज तसेच्या तसे मानले जात नाही. 'मी भांडणार नाही' ही खूण 'मी भांडेन' या खुणेपासून जितकी वेगळी, तितका समोरच्याचा गोंधळ कमी, असा तिचा अर्थ आता लावला जातो.

डार्विन चुकतही असे. त्याची शेवटची लाडकी कुत्री पॉली. ही पांढरी फॉक्स टेरियर मूळची मुलगी हेन्रिएटाची. तिचे १८७१ साली लग्न झाले आणि पॉली वडिलांकडे आली. नाकावर बिस्किट ठेवून ते झेलायला लावण्याआधी डार्विन तिला गंभीर चेहऱ्याने समजावून सांगे, की आता अगदी शहाण्यासारखे वागायचे. पॉलीची पाठ एकदा भाजली होती. तिथे नवे केस आले ते पांढरे न येता तांबूस आले. पॉलीचा बाप तांबड्या रंगाचा बुल टेरियर. शरीराचा प्रत्येक भाग सूक्ष्म कण बाहेर टाकतो आणि त्या कणांतून वारसा पुढे जातो, अशी आनुवंशिकतेची एक उपपत्ती डार्विनने १८६८ साली मांडली होती. बापाकडून आलेले तांबडे कण इतके दिवस सुप्त होते, ते आता प्रकट झाले, असे म्हणून तो पॉलीचे कौतुक करी. उपपत्ती साफ चुकीची होती. फ्रान्सिस गाल्टन या त्याच्याच नात्यातल्या शास्त्रज्ञाने सशांमध्ये रक्त भरून ती तपासली. १८७१ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला, की असे कण रक्तात सापडत नाहीत. मेंडेलचे वाटाण्यांवरचे काम त्याआधीच, १८६६ साली, छापून आले होते. डार्विनपर्यंत ते पोहोचले नाही.

कुत्र्यांवरचे प्रेम आणि विज्ञान यांची ओढाताण एका बाबतीत डार्विनला फार जड गेली. जिवंत प्राण्यांवर शस्त्रक्रिया करून संशोधन करावे की नाही, यावर १८७५ साली इंग्लंडमध्ये शाही आयोग बसला. डार्विनने साक्ष दिली. शरीरक्रियाशास्त्राला अशा प्रयोगांवाचून गती नाही असे त्याचे मत होते, तेव्हा सरसकट बंदी त्याला नको होती. पण भूल देणे शक्य असताना ती न देता प्रयोग करणे घृणास्पद आहे, हेही त्याने स्पष्ट सांगितले. १८७६ साली त्यावर कायदा झाला. ज्याने कुत्र्याला दुःख होते हे सिद्ध करायचा चंग बांधला, त्याला या प्रश्नातून अंग काढून घेता येणारच नव्हते.

दुसरा प्रश्न पद्धतीचा होता. कुत्र्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कशावरून कळले? उन्हाळ्यात हिरवळीवर पडलेला कुत्रा वाऱ्याने हलणाऱ्या उघड्या छत्रीवर गुरगुरला. त्यावरून डार्विनने म्हटले, की हालचाल आहे आणि कारण दिसत नाही, तेव्हा कोणी अनोळखी सजीव जवळ असणार, असा तर्क कुत्र्याने नकळत केला असावा. माणसाच्या भुताखेतांवरील विश्वासापर्यंत त्याने हा धागा नेला. वाचायला हे छान वाटते, पण कुत्र्याने तर्क केला हे कोणी पाहिले?

ब्रिस्टलच्या लॉइड मॉर्गनने हा प्रश्न लावून धरला. त्याच्याकडेही फॉक्स टेरियरच होता, नाव टोनी. टोनी फाटकाच्या कडीखाली डोके घालून कडी उचली आणि रस्त्यावर पसार होई. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावे, केवढा हा हुशार, कडी कशी चालते ते याला समजले! पण मॉर्गनने सुरुवातीपासून पाहिले होते. टोनी गजांमधून वाटेल तिथे डोके घालून बाहेर पाही. एकदा योगायोगाने डोके कडीखाली आले, कडी उचलली गेली आणि फाटक उघडले. त्यानंतरही नेमक्या जागी डोके घालायला त्याला सुमारे तीन आठवडे लागले. १८९४ साली मॉर्गनने आपला प्रसिद्ध दंडक मांडला. एखादे वर्तन साध्या मानसिक क्रियेने समजावता येत असेल, तर त्यासाठी वरच्या पायरीची बुद्धी गृहीत धरू नये. शेवट तेवढा पाहणाऱ्याची कशी फसगत होते, हे विद्यार्थ्यांना सांगायला टोनीइतके चांगले उदाहरण नाही.

हा वाद संपलेला नाही. २००९ साली अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ हिने १४ कुत्र्यांवर एक प्रयोग केला. खाऊला तोंड लावायचे नाही असे सांगून मालक खोलीबाहेर जाई. कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही याची खरी-खोटी माहिती त्याला नंतर दिली जाई. कुत्र्याचा 'अपराधी चेहरा' त्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे. न खाल्लेल्या कुत्र्यांचेही चेहरे पडत. (वर्गातल्या पडलेल्या चेहऱ्यांविषयीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.) बॉब मात्र या परीक्षेतही टिकला असता असे वाटते. त्याला कोणी रागावत नव्हते आणि डार्विनने त्याला अपराधी म्हटले नव्हते. मालक कोणत्या बाजूला वळला आणि कुत्र्याचे शरीर कसे बदलले, एवढेच त्याने टिपले होते.

२०१९ साली ज्युलियान कामिन्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी कुत्रे व लांडगे यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंची तुलना केली. भुवईची आतली कड वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत नीट वाढलेला आढळला, लांडग्यांत मात्र त्या जागी जेमतेम काही तंतू होते. तपासलेले प्राणी मोजकेच होते, ही गोष्ट विसरू नये. तरी माणसाच्या सहवासात कुत्र्याचा चेहराही उत्क्रांत झाला असावा, ही शक्यता बेलने ऐकली असती तर?

यासाठी पाळीव कुत्राच हवा असे नाही. कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांचा अभ्यास केला. माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे त्यांतले बरेच कुत्रे शिकवल्याशिवाय जातात, असे त्यांना २०२० साली दिसून आले. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पाहतच आपण वाढलो. शाळेच्या फाटकाशी बसणारी कुत्री कोणाला पाहून उठतात, कोणत्या वेळी, तेव्हा शेपूट कुठे असते, कान कुठे असतात, याची महिनाभर वही ठेवायला कोणत्याही विद्यार्थ्याला अडचण नाही. दुरूनच पाहायचे, जवळ जायचे नाही, पिलांजवळ तर मुळीच नाही.

सँडवॉक अजून आहे. डाउन हाउस आज संग्रहालय असून लोक त्या वाटेवरून फिरून येतात.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन वारला. त्याला डाउनमधल्या चर्चच्या आवारात पुरायचे असे घरच्यांनी ठरवले होते, पण लंडनमधील मित्रांनी खटपट केली आणि २६ एप्रिलला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचे दफन झाले. पॉली त्याच दिवसांत आजारी पडली. तिचे हाल पाहवेनात, तेव्हा काही दिवसांतच तिला मारावे लागले. तिला डाउनच्या बागेतच, एका सफरचंदाच्या झाडाखाली पुरले.