आधी अडथळा, मग गळती: स्टॅटिक दाबाच्या चाचणीवर भाष्य

ढगांतून, केवळ उपकरणांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांची स्टॅटिक प्रणाली अमेरिकेत दर 24 महिन्यांनी तपासावी लागते. तपासायचे काय, हे संघीय विमान-नियमांच्या 43व्या भागातील परिशिष्ट ‘ई’ चार ओळींत सांगते. त्या ओळींचा आशय माझ्या शब्दांत देऊन खाली भाष्य केले आहे. आधी थोडी ओळख: पिटो नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते, तर स्टॅटिक छिद्रे भोवतालच्या हवेचा. या दोहोंतल्या फरकावरून वेग कळतो. उंची मात्र एकट्या स्टॅटिक दाबावरून.

नळ्यांत पाणी साचलेले नसावे, वाट कुठे तुंबलेली नसावी.

ही ओळ पहिली आहे, आणि ती पहिलीच हवी. तुंबलेली नळी दाब उत्तम धरून ठेवते, त्यामुळे नुसती गळती पाहणाऱ्याला ती निर्दोष वाटू शकते. बऱ्याच विमानांत डाव्या-उजव्या बाजूंची छिद्रे आत एकाच नळीला मिळतात. तंत्रज्ञ एका छिद्राला पंप जोडतो आणि दुसरे चिकटपट्टीने बंद करतो. दुसऱ्या फाट्यात पाणी असले, तरी अल्टिमीटरचा (उंचीमापकाचा) काटा बिनचूक चढतो. म्हणून प्रत्येक फाटा स्वतंत्रपणे मोकळा आहे हे पाहिल्याशिवाय पुढच्या ओळीकडे जाऊ नये. नळ्या फुंकायच्या असतील, तर आधी उपकरणे सोडवावीत. दाबाची हवा त्यांच्या नाजूक डब्या फोडते.

गळती ठरल्या मर्यादेत असावी.

केबिनमध्ये दाब न भरणाऱ्या लहान विमानांसाठीची जुनी कसोटी अशी: नळीतला दाब पाऱ्याच्या सुमारे 1 इंचाने कमी करायचा, म्हणजे अल्टिमीटर जागच्या उंचीपेक्षा 1,000 फूट वर दाखवेल. मग पंप बंद. 1 मिनिटात काटा 100 फुटांहून अधिक उतरता कामा नये.

या मर्यादेमागचे कारण केबिनमध्ये आहे. दाब भरलेल्या विमानात नळी आतल्या बाजूला गळली, तर केबिनची दाट हवा तिच्यात शिरते आणि अल्टिमीटर खऱ्यापेक्षा कमी उंची दाखवतो. दाब न भरणाऱ्या विमानात केबिनचा दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. तिथे चूक उलटी होते: विमान आहे त्यापेक्षा उंच भासते. डोंगराळ मुलखात ही दुसरी चूक अधिक घातक.

चाचणीत पिटोची बाजूही पंपाला जोडलेली असावी. एकट्या स्टॅटिकमधून हवा ओढली, तर वेगमापकाला ती प्रचंड वेगासारखी वाटते आणि त्याची डबी ताणली जाते. हवा परत सोडतानाही घाई नको. चढ-उतारदर्शकाच्या काट्यावर नजर ठेवून हळूहळू सोडावी.

छिद्रांना हीटर असल्यास तो चालावा.

बर्फही वाट तुंबवतो. याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

भोवतालच्या पत्र्यात दाब बिघडवणारा बदल किंवा विकृती नसावी.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित ओळ हीच. जमिनीवरचा पंप नळी तपासतो, छिद्रावरून वाहणारा वारा तपासत नाही. पत्र्याला पडलेला पोचा, रंगाचा जाड थर, वर आलेला रिव्हेट यांनी प्रवाह बदलतो, आणि गळती शून्य असूनही उंची चुकते. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात विमाने एकमेकांपासून 1,000 फुटांवर उडतात, तिथे ही चूक परवडणारी नाही. इथे तपासनिसाचे डोळे आणि बोटेच कामी येतात.

प्रणाली उघडून बंद केली, की चाचणी पुन्हा.

ही अट परिशिष्टातली नाही, 91व्या भागातली आहे. प्रत्येक जोड सोडणे म्हणजे नवी गळती होण्याची शक्यता. पण चाचणीच्या आणि सफाईच्या कामातच एक धोका आहे: चिकटपट्टी. 2 ऑक्टोबर 1996 रोजी लिमाहून निघालेले एरोपेरूचे बोइंग 757 समुद्रात कोसळले आणि विमानातील सर्व 70 जण मृत्युमुखी पडले. धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली पट्टी तशीच राहिली होती. रात्रीच्या काळोखात वैमानिकांना ना उंची खरी कळत होती, ना वेग. म्हणून पट्टी भडक रंगाची असावी, तिची नोंद कागदावर असावी, आणि काढल्यावर दुसऱ्या माणसाने छिद्र पाहून सही करावी.

पाणी काढण्याची झडप आणि पर्यायी स्टॅटिकची झडप यांना पुन्हा चाचणीच्या अटीतून सूट आहे, कारण त्या नेहमीच्या वापरात उघडण्यासाठीच असतात. तरीही झडपेची रबरी कडी झिजलेली असेल, तर गळती तिथूनच सुरू होते. पाणी काढल्यावर एकदा दाब धरून पाहावा, असे मला वाटते.