बालाघाटापल्याडचे स्कॉट

मराठवाड्यातल्या वाशीचा पोरगा पुण्याला शिकायला निघाला की घरचे आधी विचारतात, तिथं आपलं कोण आहे? परमुलखात गेलेला माणूस आधी आपली माणसं शोधतो. दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून आपल्याकडे आलेल्यांनीही तेच केलं. त्यांच्या खुणा मुंबईत आहेत, तशाच मराठवाड्यातही आहेत.

मराठवाड्यातली सर्वांत ठळक खूण रक्ताची आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असई गावी ब्रिटिश सेनापती वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी भिडली. त्यात ७४वी आणि ७८वी या दोन स्कॉटिश हायलँडर पलटणी होत्या. मराठ्यांच्या तोफखान्यानं ७४वीची चाळण केली. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. पुढे या पलटणींच्या मानचिन्हांवर हत्ती आला आणि ‘असई’ हे नाव कोरलं गेलं. स्कॉटिश पलटणीत हा दिवस पाळण्याची प्रथा पडली. आपल्या एका खेड्याचं नाव परक्या मुलखातल्या सैनिकांना असं बांधून ठेवतं, हे मराठवाड्यातल्या वाचकाला ठाऊक असायला हवं.

मुंबईतल्या स्कॉटांना मात्र एकत्र यायला हक्काचं छप्पर हवं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात सरकारी मान होता तो इंग्लंडच्या चर्चला; स्कॉटांचा प्रेस्बिटेरियन पंथ वेगळा. १८१३च्या सनदेनंतर त्यांनाही धर्मगुरू मिळू लागले. १८१५ साली जेम्स क्लो मुंबईत आले आणि १८१९ मध्ये कोटात सेंट अँड्र्यूज चर्च उभं राहिलं. आजही लोक त्याला ‘स्कॉच कर्क’ म्हणतात. १८२६ मध्ये वीज पडून शिखर कोसळलं, तर मंडळींनी वर्षभरात ते पुन्हा उभं केलं.

पण हे गोत एकसंध राहिलं नाही. १८४३ साली मायदेशी चर्च फुटलं आणि ती भेग थेट मुंबईपर्यंत आली. भारतातले सगळे स्कॉटिश मिशनरी नव्या फ्री चर्चकडे गेले. त्यांनी उभ्या केलेल्या इमारती जुन्या चर्चकडेच राहिल्या. जॉन विल्सन त्यांतलेच. १८२९ मध्ये पत्नी मार्गारेटसह ते मुंबईत आले आणि मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुलींसाठी शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये इथेच देह ठेवला. विल्सनही १८७५ साली मुंबईतच वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर आहे.

बंधुभावाची खरी कसोटी लागते ती अनाथांच्या बाबतीत, असं मला वाटतं. स्कॉटिश सैनिक आणि नौदलातले खलाशी मरत आणि त्यांच्या मुली उघड्यावर पडत. १८४७ मध्ये स्कॉटिश बायकांनी पुढाकार घेऊन या मुलींसाठी अनाथाश्रम काढला. १८७८ मध्ये तो माहीमच्या इमारतीत गेला. तोच आज बॉम्बे स्कॉटिश शाळा म्हणून नावाजलेला आहे आणि सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं शिकतात.

जालन्याला या नात्यानं वेगळंच वळण घेतलं. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले ब्राह्मण नारायण शेषाद्री फ्री चर्चचे धर्मोपदेशक होऊन निजामाच्या मुलखातल्या या छावणीगावी आले. मांग आणि महार समाजातून ख्रिस्ती झालेल्यांना गावात ना थारा होता ना पाणी. त्यांच्यासाठी नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मपरिषदेत ते पागोटं घालून उभे राहिले. स्कॉटलंडहून आलेल्या पैशावर दुबळ्या मराठी माणसांचं गाव उभं राहावं आणि ते एका मराठी माणसानं उभारावं, ही या इतिहासातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. जातीनं तोडलेल्यांना तिथं आपली माणसं मिळाली.

१९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट पंथांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि काळा घोड्याजवळचं स्कॉच कर्कही त्यात आलं. आता तिथल्या रविवारच्या उपासनेला जमतात ते मुंबईचेच ख्रिस्ती.