सीमाभागातील उघड्या मैफली

मोकळ्या रानात रसिकांनी जमावे, कलावंताने कोणा धनिकाच्या मर्जीवर न विसंबता गावे आणि ऐकणाऱ्याने गाण्याखेरीज दुसरी अपेक्षा ठेवू नये, ही कल्पना अगदी अलीकडची समजण्याचा प्रघात पडला आहे. अरुणाचल प्रदेशातील झिरोच्या खोऱ्यात २०१२ साली सुरू झालेला संगीतमेळा हे तिचे आपल्या देशातील ठळक उदाहरण होय. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छत्राबाहेरचे तरुण कलावंत तेथे डोंगर आणि भातशेते यांच्या सान्निध्यात गातात व श्रोते तंबू ठोकून राहतात. वाद्ये नवी, गीतेही नवी. परंतु त्यामागील वृत्ती मात्र नवी नाही. तिचा मागोवा घ्यावयाचा तर बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांकडे वळावे लागेल.

बीदर शहराच्या दक्षिणेस कमठाणा हे तलावाचे गाव आहे. हे गाव मध्यबिंदू धरले, तर ईशान्येस अष्टूर, पश्चिमेस हुमनाबादजवळचे माणिकनगर आणि दूर नैर्ऋत्येस कलबुर्गी अशी तीन स्थळे येतात. तिन्ही ठिकाणी शतकानुशतके माणसे उघड्यावर जमत आली आहेत, आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहतो : गाणाऱ्याचा यजमान कोण?

प्रथम कलबुर्गी पाहू. ख्वाजा बंदेनवाज हे चिश्ती साधू १४०० च्या सुमारास दिल्लीकडून या बहामनी राजधानीत आले. चिश्ती परंपरेत ‘समा’ला, म्हणजे ईश्वरचिंतनार्थ केलेल्या गायनश्रवणाला, फार मोठे स्थान आहे. त्यांचा मठ प्रथम किल्ल्याशेजारी होता. तेथे लोटणाऱ्या गर्दीचा आणि गलबल्याचा उपसर्ग सुलतान फिरोजशहास होऊ लागला, म्हणून त्यांस तेथून दूर जावे लागले, असा वृत्तांत तवारिखांत आढळतो. १४२२ साली ख्वाजांचे देहावसान झाले. आज किल्ल्यातील तख्त नाहीसे झाले आहे. परंतु किल्ल्यापासून दूर लोटलेल्या त्या स्थळी प्रतिवर्षी उरूस भरतो आणि कव्वालीचे स्वर उठतात. राजाला जो गलबला वाटला, तोच राज्यापेक्षा अधिक टिकला!

अष्टूरची कथा याहून विलक्षण आहे. फिरोजशहानंतर गादीवर आलेल्या अहमदशहाने राजधानी बीदरला आणली. अवर्षणाच्या काळी त्याने केलेल्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी श्रद्धा रूढ झाली आणि लोक त्यास ‘वली’ म्हणू लागले. १४३६ साली तो निवर्तला. अष्टूर येथील त्याच्या कबरीवर भरणारा उरूस हिंदू पंचांगाच्या तिथीप्रमाणे होतो. कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळचे जंगम आपल्या परिवारासह पायी येऊन त्याचे मानकरी होतात. शंख वाजतात, नारळ फुटतात. मुसलमानांना जो वली, तोच लिंगायत भाविकांना अल्लमप्रभूंचा अवतार. दरबार भरविणाऱ्या राजाची स्मृती दरबारात राहिली नाही, ती जत्रेत राहिली.

मराठी वाचकास सर्वांत जवळचे स्थळ म्हणजे माणिकनगर. श्री माणिकप्रभू यांचा जन्म १८१७ साली बसवकल्याणजवळील लाडवंती येथे झाला आणि १८६५ साली त्यांनी माणिकनगरी समाधी घेतली. त्यांनी मराठी, कानडी आणि हिंदी या भाषांत पदे रचली, ती रागदारीत बांधली आणि सर्व मतांचे मूळ एकच, असे सांगणारा सकलमत संप्रदाय स्थापिला. दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे दरबार भरतो. शब्द राजाचा, परंतु राजा नाही! गवई हजेरी लावतो ती प्रभूंच्या गादीपुढे. येथे श्रोता आणि गायक दोघेही पाहुणेच ठरतात, आणि म्हणून ऐकण्यात एक निराळीच विनम्रता येते.

हीच वृत्ती मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दिसते. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी तेथे सेवा रुजू केली, आणि त्यांच्या पश्चात चिंचेच्या झाडाखाली गवई बिदागीची अपेक्षा न धरता गात आले. पोंडे महालातील केरीच्या केसरबाई केरकर यांनी बालपणी कोल्हापुरात याच खाँसाहेबांपाशी काही महिने शिक्षण घेतले. देवळाच्या चौकात गाणे ऐकत वाढलेल्या गोमंतकीयास म्हणूनच मिरजेचे अंगण परके वाटत नाही.

आता या सर्वांचे महत्त्व कशात? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. शाळा, कचेऱ्या, पाट्या यांच्या भाषा बदलल्या. माणिकनगरच्या पदांची वाटणी मात्र कोणास करता आली नाही. कारण एकाच पुरुषाच्या मुखातून निघालेल्या मराठी आणि कानडी पदांमध्ये सीमारेषा आखावी तरी कोठे?

ही परंपरा आपोआप टिकेल, असा भ्रम मात्र बाळगू नये. एखादे स्थळ केवळ आमचेच, असा हट्ट कोणी धरला, किंवा उत्सवाच्या मंडपात देणगीदारांच्या फलकांनी गादीची जागा घेतली, की रिकामे राहिलेले यजमानपद भरले जाते. आणि मग गाणाऱ्यास पुन्हा एका धन्याकडे पाहावे लागते. बहामनी तख्ताला जे साधले नाही, ते आपल्या हातून नकळत घडू शकेल. म्हणून सीमाभागातील मराठी, कानडी, उर्दू आणि कोंकणी रसिकांनी या मैफलींना केवळ जुन्या वस्तूंप्रमाणे जपू नये. तेथे जावे, मागच्या ओळीत सतरंजीवर बसावे आणि आपल्या भाषेतले पद संपल्यावर शेजाऱ्याच्या भाषेतले पद ऐकण्यासाठीही थांबावे.