मुंबईच्या विद्वत्सभेचे एक सामीलीकरण आणि आपण

आमच्या मंडळाच्या इतिहास-समितीपुढे यंदा एक प्रश्न उभा राहिला आहे. गेली कित्येक वर्षे ही समिती ज्ञातीतील कुलवृत्तान्त, जुने कागद, देवस्थानांच्या सनदा व वंशावळी गोळा करीत आली. हे काम करणारे सर्वजण आपला व्यवसाय सांभाळून, पदरचे पैसे व सुट्टीचे दिवस खर्चून ते करतात. आता देशोदेशींच्या अभ्यासकांच्या एका मोठ्या संघात सामील व्हावे, अशी सूचना पुढे आली आहे. काहींना त्यात उत्कर्ष दिसतो, तर काहींना आपले दप्तर आपल्या हातचे जाईल अशी भीती वाटते. दोन्ही पक्ष विचारार्ह आहेत. निर्णय घेण्यापूर्वी असाच प्रश्न पूर्वी कोणापुढे आला होता काय, हे पाहणे उपयुक्त ठरेल, म्हणून हा लेखप्रपंच.

मुंबईतच असा प्रसंग घडला आहे. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने परळ येथे काही विद्याप्रेमी गृहस्थ जमले आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. सभासद न्यायखात्यातले, लष्करातले, वैद्यकीतले असे सारे कामाचे लोक होते. विद्याव्यासंग हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. पण त्या उद्योगाचे फळ काही लहान नव्हते. सभेपुढे वाचलेल्या निबंधांचे तीन खंड १८१९, १८२० व १८२३ या वर्षी लंडनमध्ये छापून निघाले. निबंध मुंबईत वाचावयाचे आणि ग्रंथ सातासमुद्रांपलीकडे छापावयाचा, यावरूनच या छोट्या सभेला मोठ्या आश्रयाची गरज का भासली असेल ते ध्यानात येते.

१८२३ साली हेन्री टॉमस कोलब्रुक प्रभृतींनी लंडनमध्ये एशियाटिक सोसायटी स्थापिली व पुढच्याच वर्षी तिला राजाची सनद मिळाली. १८३० च्या सुमारास मुंबईच्या सभेने तिच्याशी संबंध जोडला व ती ‘बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सर विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये स्थापिलेली कलकत्त्याची सभा मात्र लंडनच्या सभेहून वडील होती. ती कोणाचीही शाखा न होता स्वतंत्रच राहिली. एकाच काळी, एकाच राजवटीत दोन नगरींनी दोन मार्ग पत्करले. त्यांपैकी कोणता मार्ग हिताचा ठरला?

सामील झाल्याने मुंबईच्या सभेला प्रतिष्ठा लाभली. १८३३ मध्ये पुऱ्या झालेल्या टाऊन हॉलच्या भव्य वास्तूत तिचे ग्रंथालय नांदू लागले. १८४१ पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. त्याच्या आरंभीच्या अंकांत बाळशास्त्री जांभेकर यांनी ताम्रपट व शिलालेख यांवर लिहिले. म्हणजे शाखा झाल्यावरही लेखणी मुंबईचीच राहिली, हे लक्षात घेतले पाहिजे.

पण दुसरी एक गोष्ट तितकीच बोलकी आहे. ज्या देशाच्या विद्येचा हा अभ्यास, त्या देशाच्या माणसाला सभेत प्रवेश कधी मिळाला? स्वतंत्र राहिलेल्या कलकत्त्याच्या सभेने १८२९ मध्येच एतद्देशीयांना सभासद करून घेतले. मोठ्या संघात सामील झालेल्या मुंबईला त्यासाठी १८४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी माणेकजी खरशेदजी हे तिचे पहिले हिंदी सभासद झाले. यावरून आम्ही एवढेच अनुमान काढतो की, थोरांशी सोयरीक जोडल्याने घराचे दार आपोआप उघडत नाही. ते आतल्यांनाच उघडावे लागते.

आणि दार एकदा उघडल्यावर काय झाले, हेही सांगावयास हवे. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड या सभेचे उपाध्यक्ष झाले. वैद्यकी करता करता त्यांनी शिलालेख वाचले, नाणी व हस्तलिखिते जमविली. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. तेथे सापडलेले अवशेष आजही या सभेच्या संग्रहात आहेत. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे सभेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. ज्या संस्थेत एके काळी आपल्याला पाऊल टाकता येत नव्हते, तिचे अध्यक्षस्थान बावन्न वर्षांत आपल्याकडे आले.

पुढे स्वातंत्र्य आले आणि १९५४ मध्ये लंडनशी असलेले नाते संपून ही संस्था ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ झाली. आज ती मुंबईच्या नावाने ओळखली जाते. सव्वाशे वर्षांचा संबंध सुटला, पण ग्रंथ, हस्तलिखिते, नाणी सारी येथेच राहिली. आमच्या मते या इतिहासाचा सर्वांत मोलाचा धडा हाच होय. मुंबईकरांनी संबंध जोडला, मात्र संग्रहाची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली नाही. म्हणूनच वेळ येताच त्यांना सन्मानाने वेगळे होता आले.

याउलट मार्गाचेही उदाहरण आपल्याकडे आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घरोघरची दप्तरे उघडवून कागद जमविले. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी सरदार मेहेंदळे यांच्यासमवेत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. कोणा परकीय संस्थेची शाखा न होताही ते नावारूपास आले, कारण त्याचा पाया स्वतःच्या संग्रहावर होता.

तेव्हा आमच्या समितीने सामील व्हावे की न व्हावे? आमचे मत असे की व्हावे, परंतु तीन गोष्टी आधी लेखी ठरवून. मूळ कागद आपल्याच ताब्यात राहावेत, बाहेर जातील त्या प्रती. जे प्रसिद्ध होईल त्यावर ज्या घरातून तो कागद आला त्याचा उल्लेख असावा. आणि वेगळे होण्याचा मार्ग खुला असावा. या तिन्ही गोष्टी मान्य न झाल्यास आपण आहो तेथेच बरे.

मात्र याहून आधीचे एक काम आपणा सर्वांचे आहे. आपला संग्रह म्हणजे समितीचे कपाट नव्हे. तो आपणा वाचकांच्या माळ्यावर, आजीच्या पेटीत, देव्हाऱ्याखालच्या बासनात आहे. त्याला दर पावसाळ्यात कसर लागत आहे. कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी आपापल्या घरच्या कागदांची साधी यादी करून ती समितीकडे पोहोचवावी, एवढी आमची विनंती आहे. आपल्या घरात काय आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच दुसऱ्याच्या घरी मानाने जाता येते.